संस्था टिकते कशी? : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे जीवन

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण कधी ना कधी मुंबईला गेले असतील आणि आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोरीबंदर स्थानकावर उतरले असतील. स्थानकाबाहेर येऊन समोरच्या दादाभाई नौरोजी रस्त्याकडे पाहिले की घुमट आणि कमानी असलेली एक जुनी दगडी इमारत दिसते. गाडी पकडण्याच्या घाईत तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ही अंजुमन-इ-इस्लामची शाळा. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते १८९० साली तिची कोनशिला बसली आणि १८९३ साली इमारत पुरी झाली. तेव्हापासून आजतागायत तिथे घंटा वाजते आहे आणि मुले वर्गात जाऊन बसत आहेत.

आपल्या समाजात संस्था स्थापन होण्याला तोटा नाही. सभा भरते, अध्यक्ष-चिटणीस निवडले जातात, फलक लागतो, पावतीपुस्तके छापली जातात. पाच-सात वर्षांनी चौकशी करावी, तर फलक गंजलेला असतो आणि पदाधिकारी एकमेकांशी बोलत नसतात. मग १८७४ साली लावलेले एक रोप दीडशे वर्षांनंतरही फळे कसे देते? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, त्या बद्रुद्दीन तय्यबजी यांची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांच्या मोठेपणाची यादी वाचून थक्क व्हावे, एवढ्यासाठी ही ओळख नाही. त्यांनी काम कसे केले हे आपण पाहावे आणि त्यातले आपल्याला काय जमेल याचा विचार करावा, हा हेतू आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी. गरिबीचे दिवस पाहून स्वतःच्या मेहनतीने ते वर आले होते. ज्या काळात मुंबईतल्या बहुतेक मुसलमान घरांत इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडण्याची भीती वाटे, त्या काळात या बापाने आपल्या मुलांना विलायतेला शिकायला पाठवले. घरात नमाज, रोजे आणि धर्माचे शिक्षण यांत मात्र काही कमी पडू दिले नाही. घरची बोली गुजराती होती. तिच्या जागी या कुटुंबाने हिंदुस्थानी म्हणजे उर्दू आपलीशी केली. एका छोट्या जमातीत अडकून न राहता मोठ्या समाजाशी नाते जोडायचे, हे वळण बद्रुद्दीन यांना घरातूनच मिळाले.

बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू आणि फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. लहानपणापासून त्यांचे डोळे अधू होते आणि उपचारासाठी त्यांना फ्रान्सला न्यावे लागले. १८६० साली, सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये शिकायला गेले. १८६३ मध्ये त्यांनी कायद्याच्या अभ्यासासाठी मिडल टेंपलमध्ये नाव घातले, पण डोळे इतके बिघडले की १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबा. परक्या मुलखात खर्च झालेला, हाती पदवी नाही आणि डोळ्यांनी दगा दिलेला. पुष्कळ तरुणांनी इथेच पुस्तके मिटवून बापाच्या पेढीवर बसणे पसंत केले असते. बद्रुद्दीन वर्षभराने पुन्हा बोटीत बसले. १८६७ च्या एप्रिलमध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहिले. या न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन हे विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ.

वकिलीत लवकरच जम बसला. पैसा आणि मान दोन्ही मिळू लागले. पण न्यायालयातून बाहेर पडून भेंडीबाजाराकडे वळले की वेगळीच मुंबई दिसे. त्या मुंबईत मुसलमान पुष्कळ होते, आणि त्यांतले काही श्रीमंतही होते. बोहरा, खोजा, मेमन, कोकणी, दखनी अशा अनेक जमाती तिथे नांदत होत्या. प्रत्येकीची मशीद, जमातखाना आणि दानधर्म वेगळा. जमातीतल्या विधवेला किंवा अनाथ मुलाला मदत करण्यात कोणी मागे नसे. परंतु सगळ्यांच्या मुलांना पुढच्या काळासाठी तयार करील अशी एकही संस्था नव्हती. कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यापीठ इंग्रजीत चालू लागली होती. हिंदू आणि पारशी मुले तिथे पुढे जात होती आणि मुसलमान मुलांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

अशा वेळी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे दोघे भाऊ, कोकणी मुसलमानांतील जहाजमालक घराण्याचे नाखुदा महंमद अली रोघे, मुन्शी गुलाम महंमद अशी मंडळी एकत्र आली. नावे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. एकजण सागरी व्यापारातला कोकणी, दोघे सुलेमानी बोहरा बंधू, तर एकजण मुन्शी. सुलेमानी बोहरांची जमात मुंबईत अगदी लहान. त्या जमातीपुरते बोलून काही होणार नाही, हे तय्यबजी बंधूंनी ओळखले होते. जमात मोडावी असे त्यांना कधी वाटले नाही. जमात आपले काम करो, पण शिक्षणाचे काम जमातींच्या वर असलेल्या, सर्वांच्या मालकीच्या संस्थेने करावे, हा विचार त्या काळी नवा होता. संघटनेतला पहिला मोठा बदल तो हाच.

आता पुढची गोष्ट ऐका, म्हणजे धीर कशाला म्हणतात ते कळेल. अंजुमन निघाली १८७४ मध्ये आणि तिची पहिली शाळा सुरू झाली १८८० मध्ये. मध्ये सहा वर्षे गेली! आपल्यापैकी कितीजणांनी सहा वर्षे वाट पाहिली असती? शाळा म्हणजे नुसते बाके आणि फळे नव्हेत. त्यासाठी पैसा उभा करायचा होता, लोकांची समजूत घालायची होती आणि सरकारशी बोलायचे होते. त्याहून कठीण म्हणजे पालकांच्या मनातली भीती घालवायची होती. इंग्रजी शिकलेला मुलगा नमाज विसरेल, बापाला मान देणार नाही, अशी ही भीती होती. ती मूर्खपणाची म्हणून हसून सोडून देणे सोपे होते. अंजुमनने तसे केले नाही. तिच्या शाळेत उर्दू, फारसी आणि धर्माचे शिक्षण राहिले आणि त्याच्या जोडीला इंग्रजी व सरकारी अभ्यासक्रमातले विषय आले. मुलाने घर सोडून शाळेत यावे असे नव्हते, घरचे संस्कार बरोबर घेऊन यावे असे होते. बदल लोकांना पचेल अशा रीतीने केला तरच तो टिकतो, याचा हा धडा आहे.

पहिली शाळा काही राजवाड्यात भरली नाही. लहान जागेत, मोजकी मुले आणि मोजके शिक्षक यांच्यावर ती सुरू झाली. बद्रुद्दीन आधी अंजुमनचे चिटणीस होते, पुढे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. दिवसभर न्यायालयात उभे राहणारा नामांकित बॅरिस्टर संध्याकाळी शाळेच्या शिक्षकांचे पगार, मुलांची फी आणि वर्गण्यांची वसुली यांत डोके घालत असे. १८८२ साली सरकारचा शिक्षण आयोग आला, तेव्हा मुंबईतल्या मुसलमानांच्या शिक्षणाची बाजू अंजुमनच्या वतीने मांडली गेली. सरकारकडे हात पसरताना आधी समाजाने स्वतःच्या खिशात हात घातला पाहिजे, अशी रीत या मंडळींनी घालून दिली. समाजाची वर्गणी आणि सरकारची मदत या दोन चाकांवर गाडी चालली, म्हणूनच बोरीबंदरसमोरची मोक्याची जागा मिळाली आणि तिथे इमारत उभी राहिली. ही जागा भेंडीबाजाराच्या गल्लीत नव्हती. ती शहराच्या दर्शनी भागी होती. मुसलमान मुलाने शहराच्या मध्यभागी, सर्वांच्या नजरेसमोर शिकावे, असेच जणू त्या इमारतीने सांगितले.

मुले नुसती अभ्यासाने घडत नाहीत, हेही बद्रुद्दीन यांना ठाऊक होते. तरुणांनी एकत्र यावे, खेळावे, निरनिराळ्या जमातींतल्या मुलांची मैत्री व्हावी, म्हणून इस्लाम क्लब आणि इस्लाम जिमखाना यांच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला.

समाजाचे काम करणारा माणूस फक्त आपल्याच समाजापुरता विचार करतो, असा एक समज आहे. बद्रुद्दीन यांच्याबाबतीत तो साफ खोटा ठरतो. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले. १८७५ पासून तीस वर्षे ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८८२ मध्ये त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान अशी ही त्रिमूर्ती मुंबईच्या सार्वजनिक जीवनात गाजली. १८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण परीक्षा सुरू झाली. अलीगढच्या कॉलेजाचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाणे पसंत नव्हते. शिक्षणात मागे असलेल्या समाजाने आधी शिकावे, राजकारण नंतर, असे त्यांचे मत होते. संख्येने मोठ्या समाजापुढे आपला आवाज बुडेल, ही भीतीही त्यांना होती. बद्रुद्दीन यांना वाटे की सर्व हिंदी लोकांच्या समाईक प्रश्नांवर मुसलमानांनी बाजूला राहू नये, आत जाऊन आपले म्हणणे मांडावे. दोघांत पत्रव्यवहार झाला आणि वर्तमानपत्रांतून वाद रंगला. बद्रुद्दीन यांच्यावर टीका झाली ती आपल्याच लोकांकडून.

त्यांनी काय केले ते पाहा. भीती आहे, तर ती घालवण्यासाठी नियमच करावा, असे त्यांनी ठरवले. मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल असा विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, ही त्यांची सूचना होती आणि १८८८ साली अलाहाबादच्या अधिवेशनात तसा नियम झाला. कमी संख्येच्या लोकांना संस्थेत निर्धास्त वाटावे, यासाठी सद्भावनेबरोबर नियमही लागतो, हे त्यांच्यातल्या कायदेपंडिताला कळत होते. पण हेही सांगितले पाहिजे, की एवढ्याने विरोध थांबला नाही. त्याच १८८८ साली त्यांनी ह्यूम यांना खासगी पत्र लिहून सुचवले, की मुसलमानांचा एवढा मोठा भाग विरोधात असेल तर काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत. ही सूचना मान्य झाली नाही. मोठ्या माणसालाही अपयश येते आणि शंकाही येतात. चरित्र लिहिताना ते झाकून ठेवले, तर वाचणाऱ्या मुलांना वाटते की मोठी माणसे वेगळ्याच मातीची असतात.

मोठेपण असेल तर ते पुढच्या वागण्यात आहे. सर सय्यद यांच्याशी राजकारणात मतभेद झाले म्हणून बद्रुद्दीन यांनी शिक्षणाच्या कामात फूट पडू दिली नाही. सर सय्यद १८९८ मध्ये वारले. त्यांनीच १८८६ मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अधिवेशन १९०३ साली मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते बद्रुद्दीन तय्यबजी! आणखी एक योगायोग सांगतो. याच बद्रुद्दीन यांचे त्याच नावाचे नातू १९६२ ते १९६५ या काळात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. दोन थोर माणसे भांडली, पण त्यांच्या संस्था एकमेकींच्या वैरी झाल्या नाहीत. आपल्या गावात दोन कार्यकर्त्यांचे पटले नाही की दुसऱ्या दिवशी दुसरी संस्था निघते. मग मुले अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्हीकडे शिक्षक अपुरे. या ठिकाणी आपण आपल्या मनाला विचारले पाहिजे.

१८९५ साली बद्रुद्दीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. हा मान मिळवणारे ते पहिले मुसलमान. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. मुंबईत त्या खुर्चीवर तोवर हिंदी माणूस बसला नव्हता. महाराष्ट्राला त्यांची एक आठवण विशेष आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. पुन्हा अर्ज आला तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे, आणि त्यांनी जामीन दिला. सरकारची मर्जी काय आहे आणि आरोपी कोणत्या समाजाचा आहे, याचा विचार त्यांनी केला नाही. कायद्याप्रमाणे जे योग्य ते केले.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. पालक भगिनींनी हा भाग जरूर वाचावा. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शिकवले, आणि १९०४ साली तर दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. १९०३ च्या त्याच परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी पडद्याचा प्रश्न काढला. धर्माने सांगितलेली मर्यादा वेगळी आणि रूढीने तिच्यावर चढवलेली बंधने वेगळी, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वांना रुचले नाही. जे त्यांनी लोकांना सांगितले, ते आधी स्वतःच्या घरात केले होते, हे महत्त्वाचे. तरीही अंजुमनच्या मुलींच्या शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या नाहीत. त्या पुढच्या पिढीच्या हातून झाल्या. आज मुंबईत अंजुमनची जी मुलींची शाळा सैफ तय्यबजी यांच्या नावाने चालते, ते सैफ तय्यबजी म्हणजे बद्रुद्दीन यांचे नातू. अंजुमनचे अध्यक्षपद त्यांनीही सांभाळले, आणि १९५७ साली आपल्या मराठवाड्यातल्या जालन्याहून ते लोकसभेवर निवडून गेले होते. आजोबांनी मांडलेला विचार प्रत्यक्षात यायला दोन पिढ्या लागल्या. झाड लावणाऱ्याला सावली मिळतेच असे नाही.

१९०६ साली रजेवर लंडनमध्ये असताना, १९ ऑगस्टला, हृदयविकाराच्या झटक्याने बद्रुद्दीन यांचे निधन झाले. आपल्या शाळेपासून ते हजारो मैल दूर होते. एखाद्या कर्त्या पुरुषाचे असे अचानक जाणे संस्थेला बहुधा सोसत नाही. किल्ल्या त्यांच्याकडे, ओळखी त्यांच्या आणि हिशेब त्यांच्या डोक्यात असेल, तर त्यांच्याबरोबर संस्थाही जाते. अंजुमनचे तसे झाले नाही. शाळा चालू राहिली. १९३६ मध्ये साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. त्यापुढच्या काळात महाविद्यालये, युनानी वैद्यक, कायदा, वसतिगृहे अशा फांद्या फुटत गेल्या. पूर्वी मुसलमान मुलाने इंग्रजी शिकावे हा प्रश्न होता, नंतर त्याच्या हाताला हुन्नर मिळावा हा आला, मग मुलींचा आला. प्रश्न बदलले तशी संस्था बदलली. मूळ हेतू, म्हणजे आपल्या मुलांना काळाबरोबर उभे करणे, तेवढा तसाच राहिला.

तर वाचकहो, संस्था टिकते कशी? या चरित्रातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. ती एका जमातीची किंवा एका घराण्याची नसावी, सर्वांची असावी. पैसा आधी आपला, मग सरकारचा, आणि दोन्हींचा हिशेब उघडा असावा. बदल जरूर करावा, पण ज्यांच्यासाठी करायचा त्यांची भीती समजून घेऊन करावा. मतभेद सभेत मांडावेत, वर्गाच्या दारापर्यंत आणू नयेत. आणि पदावरच्या माणसाने आपल्या मागे काम करणारी माणसे तयार ठेवावीत.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेची सर्वसाधारण सभा भरते तेव्हा तुम्ही येता का? वार्षिक हिशेब वाचता का? न समजलेली रक्कम विचारता का? विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या संस्थेला कोणी प्रश्न विचारत नाही ती परकी होते, आणि परक्या घराचे छप्पर गळले तरी कोणाला वाईट वाटत नाही. मुलीला सातवीनंतर घरी बसवण्याचा विचार मनात आला, तर १९०४ सालच्या त्या बापाची आठवण ठेवा. विलायत राहू द्या, आपल्या गावची शाळा तर पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या डॉक्टर, वकील, शिक्षक, कारागीर, व्यापारी व्हाल. ज्या बाकावर बसून तुम्ही शिकलात, ते बाक कोणाच्या तरी वर्गणीतून आले आहे. बद्रुद्दीन यांच्याइतके मोठे होणे सर्वांना साधणार नाही. पण आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या शाळेला देणे कोणालाही साधेल. त्यांनीही आरंभ तेवढ्यानेच केला होता. न्यायालयाचे काम आटोपून ते शाळेच्या कामाला बसत. तुम्हीही बसा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तुमच्या कामाचा वृत्तान्त छापता यावा, हीच अल्लाहपाशी दुआ.